धावण्याचं घड्याळ निवडताना: मनगटाकडे बघून तुम्ही काय बदलणार?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आठ महिन्यांपासून धावताय, आठवड्यातून चार दिवस, बहुतेक वेळा ५ ते १० किमी. आजवर फोन कमरेच्या पट्ट्यात ठेवून ॲपवर अंतर मोजत आलात. पाच महिन्यांनी पहिली हाफ मॅरेथॉन आहे आणि ती सव्वादोन तासांत पूर्ण करायची आहे. तीन घड्याळं हेरून ठेवली आहेत: एक स्वस्त, एक मधलं, एक महाग. महागड्या घड्याळाचं अंतर जास्त बरोबर येतं का, मनगटावर दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर भरवसा ठेवावा का, आणि यातलं घ्यायचं कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

मी सतरा वर्षं धावतोय, त्यातली बारा वर्षं इतरांना शिकवतोय. घड्याळ घेण्याआधी प्रत्येकाला मी एक काम सांगतो. पुढचे चार दिवस धावताना जितक्या वेळा फोन बघाल, तितक्या वेळा बघून झाल्यावर तुम्ही काय केलंत ते लक्षात ठेवा. वेग कमी केलात? थोडं चाललात? रस्ता बदललात? की नुसतं बघितलं आणि होतात तसेच धावत राहिलात? ज्या आकड्यामुळे तुमच्या धावण्यात खरंच काही बदलतं, तो आकडा नीट दाखवणारं घड्याळ घ्यायचं. बाकीचे आकडे घरी येऊन बघायचे असतात, आणि तेवढ्यासाठी जवळजवळ कुठलंही घड्याळ पुरतं.

असा विचार केला की काही जणांना जीपीएसची गरजच नाही असं निघतं. मोजलेल्या ठरावीक रस्त्यावर रोज अर्धा-पाऊण तास धावणाऱ्याला साधं डिजिटल घड्याळ पुरेसं असतं. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून बनतंय, वजन २१ ग्रॅम, बॅटरी सुमारे सात वर्षं. त्याचं स्टॉपवॉच मात्र एका तासापर्यंतच मोजतं आणि मग पुन्हा शून्यावर येतं, त्यामुळे लांब धावेला किती वाजता निघालो ते ध्यानात ठेवावं लागतं. तुम्हाला हाफ मॅरेथॉनला वेळेचं लक्ष्य गाठायचंय, म्हणजे पेस (एक किलोमीटरला लागणारी मिनिटं) बघून वेग बदलायचाय. तुम्हाला जीपीएस हवं.

आता अंतराचं. घड्याळ अंतर मोजत नाही, हे आधी मनात पक्कं करा. ते साधारण दर सेकंदाला आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधतं आणि ते ठिपके जोडत जातं. मोकळ्या आकाशाखाली प्रत्येक ठिपका काही मीटरनी इकडेतिकडे असतो, पण चुका दोन्ही बाजूंना होत असल्याने एकूण अंतर बऱ्यापैकी जमून येतं. खरी अडचण उंच इमारतींमध्ये येते. उपग्रहाचा सिग्नल थेट न येता भिंतीवर आपटून येतो, त्याला जास्त अंतर कापावं लागतं आणि घड्याळाला वाटतं आपण रस्त्यापलीकडे आहोत. दाट झाडी आणि अरुंद दऱ्यांमध्येही घोटाळा होतो. यावर उपाय म्हणून महागड्या आणि आता काही मधल्या घड्याळांत ड्युअल फ्रिक्वेन्सी आली आहे. जुन्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या सिग्नलसोबत ही घड्याळं ११७६.४५ मेगाहर्ट्झचा दुसरा सिग्नलही पकडतात. दुसऱ्या सिग्नलची बांधणी अशी आहे की थेट आलेला कोणता आणि आपटून आलेला कोणता हे ओळखणं सोपं जातं.

म्हणून महाग घड्याळाचं अंतर जास्त बरोबर येतं का, याचं उत्तर तुमच्या रस्त्याकडे आहे. मोकळे रस्ते, ठेंगणी घरं, मैदान, नदीकाठ अशा ठिकाणी मी एकाच हातावर दोन घड्याळं बांधून कितीतरी वेळा धावलोय. १० किमीमागे फरक काही दशक मीटरांचा येतो, आणि कधी स्वस्त घड्याळ जास्त बरोबर ठरतं तर कधी महाग. वीस मजली इमारतींच्या मधून धावत असाल तर ड्युअल फ्रिक्वेन्सीवर पैसे जरूर खर्च करा, तिथे फरक नकाशावर डोळ्यांना दिसतो.

बऱ्याच चुकांचं मूळ घड्याळात नसून आपल्या घाईत असतं. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सतत पाठवत असतो आणि ती पूर्ण ऐकून घ्यायला किमान अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. फोनशी सिंक केलेल्या घड्याळाला ही माहिती आधीच मिळालेली असते, म्हणून ते काही सेकंदांत तयार होतं. आठ-पंधरा दिवस सिंक न केलेलं घड्याळ हातात बांधलं, दाराबाहेर पडल्या पडल्या बटण दाबलं आणि निघालो, की पहिले दोन-तीनशे मीटर नकाशावर वेडेवाकडे उमटतात. निघण्याआधी सिंक करा, उघड्यावर उभे राहा, सिग्नल मिळाल्याची खूण दिसल्यावरही अर्धा मिनिट थांबा. एवढं केलं तर स्वस्त घड्याळही चांगलं काम देतं.

याहून महत्त्वाची गोष्ट शर्यतीच्या दिवसाची आहे. पहिल्या हाफ मॅरेथॉनला मी जितक्या जणांना यात फसताना पाहिलंय, तितकं दुसऱ्या कशात नाही. प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला बसवलेल्या गणकाने मोजतात. रस्त्याच्या कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून, प्रत्येक वळणाची आतली बाजू धरून, म्हणजे शक्य तितक्या जवळच्या रेषेने. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्तीचा धरतात. गर्दीत कुणालाच ती रेषा पकडता येत नाही. कुणाला ओलांडायला बाहेरून जावं लागतं, पाण्याच्या टेबलाकडे वळावं लागतं. त्यात घड्याळाची चूक मिसळते. परिणामी २१.०९७५ किमीच्या शर्यतीत शेवटच्या कमानीखाली घड्याळ २१.३ किंवा २१.४ दाखवतं, आणि लोक म्हणतात मार्ग चुकीचा मोजलाय.

तुमचंच उदाहरण घेऊ. सव्वादोन तास म्हणजे दर किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. समजा शर्यतभर घड्याळावर बरोबर ६:२४ धरून ठेवलंत आणि संपताना घड्याळाने २१.३५ किमी दाखवलं. तुमची वेळ होईल दोन तास सोळा मिनिटं अडतीस सेकंद. घड्याळ सांगत होतं सगळं ठीक चाललंय, आणि तरी दीड मिनिटाहून जास्त हुकलं. त्यामुळे घड्याळावरचं लक्ष्य ६:१९ च्या आसपास ठेवा. याहून चांगला उपाय म्हणजे दर किलोमीटरला आपोआप होणारा लॅप (त्या टप्प्याची वेगळी नोंद) त्या दिवशी बंद करायचा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबायचं. मग प्रत्येक लॅप मार्गाशी जुळतो, आणि घड्याळाच्या अंतरात चूक असली तरी तुमचा हिशेब बिघडत नाही.

यातूनच माझी पहिली अट निघते: लॅपसाठी वेगळं, अंगठ्याने अंदाजाने सापडणारं खरं बटण हवं. नुसत्या टचस्क्रीनवर चालणारं घड्याळ दुकानात फार छान वाटतं. माझ्याकडे शिकणारा एक जण असंच घड्याळ लावून भर पावसात १००० मीटरच्या सहा इंटरव्हल, म्हणजे मधे विश्रांती घेत जोरकस फेऱ्या, करत होता. तिसऱ्या फेरीत ओल्या बाहीचा स्क्रीनला स्पर्श झाला आणि घड्याळ थांबलं. त्याला कळलं तेव्हा ७०० मीटर उलटून गेले होते. मग तो ओल्या बोटाने स्क्रीन सरकवत होता, स्क्रीन दाद देत नव्हता, शर्टाला बोट पुसावं तर शर्टही चिंब. त्या दिवशीचा सगळा सराव त्याने घड्याळाशी झगडण्यात घालवला. घाम, पाऊस, हातमोजे या तिन्हीत टच दगा देतो. टच असला तर असू द्या, पण सुरू, थांबा आणि लॅप ही तीन कामं बटणांनी व्हायलाच हवीत.

पेसबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. घड्याळ त्या क्षणीचा पेस दाखवतं तो सतत उड्या मारतो. आता ५:५०, चार पावलांनी ६:४०, आणि तुम्ही उगाच वेग वाढवत-कमी करत बसता. स्क्रीनवर चालू लॅपचा सरासरी पेस लावा. ही सोय जवळजवळ सगळ्या धावण्याच्या घड्याळांत असते, पण नुसत्या स्मार्टवॉचमध्ये असेलच असं नाही, म्हणून घेण्याआधी खात्री करा. एका स्क्रीनवर तीनच आकडे ठेवा: लॅपचा पेस, एकूण वेळ, अंतर. धावताना हलणाऱ्या हातावर सहा बारीक आकडे वाचता येत नाहीत. चाळिशी लागली असेल तर हे दुकानात उभं राहून वाचून बघू नका, हात हलवत चालताना बघा.

आता ठोक्यांचं. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त जास्त येतं तेव्हा परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो आणि त्या चढउतारांवरून ठोके मोजले जातात. बसल्या जागी, झोपेत हे छान चालतं. धावताना हात हलतो, घड्याळ कातडीवर सरकतं, आणि त्या हालचालीनेही प्रकाश तसाच कमीजास्त होतो.

एक प्रसंग माझ्या चांगला लक्षात आहे. एक बाई माझ्या बाजूने धावत होत्या, मुलीच्या परीक्षेबद्दल सविस्तर सांगत होत्या, पूर्ण वाक्यं, कुठे धाप नाही. मधेच मनगट बघून घाबरल्या: १७४. मी त्यांना थांबवलं, मानेच्या बाजूला दोन बोटं ठेवायला लावली आणि १५ सेकंद मोजायला सांगितलं. ३४ ठोके, म्हणजे मिनिटाला १३६. परत धावायला लागल्यावर मी त्यांची पावलं मोजली. मिनिटाला १७४. घड्याळ हृदयाच्या ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजत होतं. त्या आकड्याला घाबरून त्या कितीतरी दिवस सोप्या धावेत विनाकारण चालत होत्या.

हा दोष महाग घड्याळात कमी आढळतो, पण जात नाही. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, धावण्यापुरतं घट्ट बांधलं की बरंच सुधारतं. थंडीत, गोंदण असलेल्या जागी किंवा मनगट बारीक असेल तर तरीही चुकतं. तोकड्या इंटरव्हलमध्ये तर मनगटावरचा आकडा मागेच राहतो. २०० मीटर संपतात आणि आकडा मग चढायला लागतो.

म्हणून ठोक्यांवर सराव करायचा असेल तर माझा सल्ला अगदी ठाम आहे: घड्याळ एक पायरी खालचं घ्या आणि वाचलेल्या पैशांतून छातीचा पट्टा घ्या. तो प्रकाशाच्या भानगडीत पडत नाही, हृदयाचा विद्युत संकेतच पकडतो. ही काही नवी कल्पना नाही. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ साली छातीवरून मनगटापर्यंत बिनतारी ठोके पोचवणारं उपकरण आणलं होतं, आणि आजही सर्वांत भरवशाची पद्धत तीच आहे. पोलरच्या एच१० पट्ट्यात नाण्याएवढी सीआर२०२५ बॅटरी लागते आणि ती सुमारे ४०० तास चालते. तुमच्या धावण्याच्या हिशेबाने वर्षभर तिच्याकडे बघायला नको. पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करून बांधायची, नाहीतर पहिली पाच-सात मिनिटं तोही काहीबाही दाखवतो. पट्टा ब्लूटूथवाला असल्याची खात्री करा. पट्टा आणि घड्याळ जोडणारी अँट प्लस ही दुसरी बिनतारी पद्धत पूर्वी सरसकट चालायची, ती काही नव्या घड्याळांतून गेलीय. कोरॉस पेस ३ या घड्याळात ती नाही.

ठोक्यांचे झोन (सोपं ते अवघड असे ठोक्यांचे टप्पे) घड्याळ स्वतःच ठरवतं तेव्हा बहुतेक वेळा २२० वजा वय हा हिशेब लावतं. या सूत्रात एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्याहून जास्तही पडतो. चाळीस वर्षांच्या माणसाला घड्याळ १८० कमाल धरून देईल. त्याची खरी कमाल १९३ असेल तर त्याची प्रत्येक सोपी धाव घड्याळाला अवघड वाटेल. चढावर तीन-चार जोरकस फेऱ्या मारून, पट्टा बांधून दिसलेला सर्वांत मोठा आकडा सेटिंगमध्ये स्वतः भरा. हृदयाचा कुठलाही त्रास असेल किंवा घरात कुणाला असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

बॅटरीवर लोक खूप चर्चा करतात, तुमच्यासाठी ती फारशी गरजेची नाही. आठवड्याला चार-पाच तास धावणाऱ्याला २० तास जीपीएस चालणारं घड्याळ आठवड्यातून एकदा चार्ज करून पुरतं. हाफ मॅरेथॉनला तर सगळीच पुरतात. रोज चार्ज करावी लागणारी स्मार्टवॉच मात्र मी धावणाऱ्याला सुचवत नाही. पहाटे निघताना ती १२ टक्क्यांवर सापडतात. पुढे बारा-बारा तासांच्या अल्ट्रा शर्यतींकडे वळलात तर तेव्हा वेगळं बघू.

वजन हातात घेऊन बघा. तीसेक ग्रॅमचं घड्याळ दहा मिनिटांत विसरायला होतं, पन्नासच्या पुढचं धावताना हलतं, आणि हललं की ठोके चुकतात. नायलॉनचा पट्टा रबरी पट्ट्यापेक्षा नीट आवळता येतो, घामाने कातडी सोलत नाही. तो धुवत राहा.

स्क्रीनचे दोन प्रकार आहेत. ॲमोलेड झळाळतो, पहाटेच्या अंधारात वाचायला सुरेख. दुसरा एमआयपी, जो उन्हाच्या प्रकाशावरच दिसतो: जितकं कडक ऊन तितका स्पष्ट, आणि सतत चालू राहूनही बॅटरी खात नाही. मला स्वतःला एमआयपी आवडतो, कारण मनगट वळवून स्क्रीन उजळायची वाट बघावी लागत नाही. ही निव्वळ आवड आहे, यावरून कुठलं घड्याळ वाईट ठरत नाही.

महाग घड्याळांच्या जाहिरातीत व्हीओटू मॅक्स, रिकव्हरीचे तास, आज सराव करावा की नाही याचा गुण, असं पुष्कळ असतं. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, तो प्रयोगशाळेत मुखवटा लावून, श्वासातला ऑक्सिजन मोजून काढतात. घड्याळ तो पेस आणि ठोके यांच्या नात्यावरून अंदाजतं. ठोके चुकीचे तर अंदाजही चुकीचा. उन्हाळ्यात त्याच पेसला ठोके चढतात आणि घड्याळ म्हणतं तुमची क्षमता घसरली, हिवाळ्यात आपोआप सुधारली. तीन-चार महिन्यांचा कल बघायला हा आकडा बरा आहे. पण ‘तुम्हाला ५३ तास विश्रांती हवी’ हे वाचून सरावाचा दिवस गाळणारे आणि ‘तुम्ही तयार आहात’ हे वाचून दुखऱ्या पोटरीवर धावणारे असे दोन्ही प्रकारचे लोक माझ्याकडे आलेत, आणि दुसऱ्या प्रकारातल्यांना सावरायला महिने लागलेत. घड्याळाला तुमची पोटरी दुखतेय हे कळत नाही. या सोयींसाठी वरची पायरी चढू नका.

नकाशा डोंगरातल्या पायवाटांवर धावणाऱ्यांसाठी. हवेच्या दाबावरून उंची काढणारा बॅरोमीटरही त्यांच्यासाठीच, कारण जीपीएसवरून काढलेली उंची कच्ची असते. घड्याळात गाणी साठवायची सोय तुम्हाला फोन घरी ठेवून निघायचं असेल तर खरोखर उपयोगी आहे, पण एकटे धावत असाल तर फोन जवळ असलेलाच बरा.

तर तुमच्या तीन घड्याळांपैकी मी स्वस्त घेईन आणि सोबत छातीचा पट्टा. तुम्ही नावं दिलेली नाहीत, म्हणून माझ्या माहितीतल्यांपैकी सांगतो. गार्मिनचं फोररनर ५५ हे २०२१ चं आहे, वजन ३७ ग्रॅम, टच अजिबात नाही, पाच बटणं, जीपीएसवर २० तास. इंटरव्हलचा सराव त्यात आधी भरून ठेवता येतो. तुमच्या गरजेचं सगळं यात आहे. उंच इमारतींमधून धावत असाल तर कोरॉस पेस ३ बघा: नायलॉन पट्ट्यासह ३० ग्रॅम, ड्युअल फ्रिक्वेन्सी, जीपीएसवर ३८ तासांपर्यंत. त्याची गोल फिरणारी किल्ली मात्र आधी हाताळून बघा, काही जणांच्या बोटांना ती जमत नाही. ही मॉडेलं मिळाली नाहीत तर त्यांच्या जागी आलेलं घ्या, पण वर सांगितलेली बटणं, लॅपचा पेस आणि ब्लूटूथ पट्टा या तीन गोष्टी एकेक करून तपासा. जुनं वापरलेलं घ्यायचं झालं तर ते चार्ज करून तासभर धावून या आणि बॅटरी किती उतरली ते बघा. पाठीमागच्या चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर असेल तर सोडून द्या, घामाने त्या गंजलेल्या असतात.

घेतल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत एकदा ४०० मीटरच्या ट्रॅकवर जा. सगळ्यांत आतल्या लेनमध्ये, आतल्या कडेला धरून पाच फेऱ्या मारा: २००० मीटर. आठव्या लेनमधून धावू नका, तिथे एकच फेरी सुमारे ४५४ मीटरची होते. ट्रॅक मोड (ट्रॅकवरच्या फेऱ्यांसाठीची वेगळी सेटिंग) असेल तर एकदा तो चालू करून आणि एकदा बंद ठेवून बघा. साध्या मोडवर २०५० पर्यंत आलं तर घड्याळ चांगलं आहे, सततची वळणं जीपीएसला जड जातात. २१५० च्या पुढे गेलं तर दुसऱ्या दिवशी सिंक करून पुन्हा तपासा, आणि तरी तेच आलं तर बदलून घ्या.

मग शर्यतीआधीच्या शेवटच्या तीन लांब धावांमध्ये आपोआप होणारा लॅप बंद ठेवून रस्त्यावरच्या खुणांपाशी हाताने बटण दाबायची सवय लावा. विसाव्या किलोमीटरला डोकं चालत नसतं, तेव्हा अंगठ्याला ते बटण आपोआप सापडलं पाहिजे.